चेकांची सरहद्द आणि आक्काची धाव

हसनाबादेत माझी मास्तरकी सुरू होऊन सहा महिने झाले होते. गावात माझं जे काही वजन होतं ते शाळेमुळे नव्हतं, पेपरामुळे होतं. पेपर उर्दू. तो हैदराबादेहून रेल्वेनं बदनापूरला यायचा. तिथला तारबाबू आधी स्वतः वाचायचा आणि मग आठवड्याचे सात अंक सुतळीनं बांधून बाजाराच्या गाडीवानाबरोबर माझ्याकडे पाठवायचा. मी जालन्यातल्या मस्तगडचा, उर्दू शाळेत शिकलेला. रोज शाळा सुटली की पारावर बसून एक अंक मराठीत सांगायचो. एका दिवशी एकच, आणि तोही ओळीनं. पुढचा अंक आधी उघडायचा नाही, अशी मंडळींनी मला शपथच घातली होती.

शपथ मी पाळत नसे. गठ्ठा हातात पडला की सातही अंक एका बैठकीत वाचून काढायचो आणि पारावर चेहरा असा ठेवायचो, की जणू मलाही उद्याचं ठाऊक नाही. बावीस वर्षांच्या माणसाला एवढी चैन परवडावी.

त्या वर्षी, म्हणजे १९३८ साली, दसऱ्याच्या आधी पेपरात एकच विषय होता, चेकोस्लोव्हाकिया. जर्मनीला त्या देशाचा डोंगराळ काठ हवा होता. फ्रान्सनं त्या देशाला मदतीचा शब्द दिलेला होता, इंग्लंडनं नव्हता दिलेला. हे दोघं दोस्त, पण लढाई दोघांनाही नको होती. मांजराच्या गळ्यात घंटा दुसऱ्यानं बांधावी म्हणून त्यांची आपसात ओढाताण चालली होती. मी हे रंगवून सांगत होतो, पण त्या देशाचं नाव पारावर कुणाच्या तोंडात बसेना. शेवटी एक म्हातारबा वैतागून म्हणाले, "मास्तर, माणसाच्या बोलीत सांगा की जरा."

मग मी सांगितलं. एक बाई आहे समजा. नवरा नाही. रान लहान, पण चांगलं. शेजारी दांडगा, त्याला तिच्या बांधाकडची पट्टी पाहिजे. म्हणतो, एवढी द्या, बाकीच्याला हात लावणार नाही. बाईचा भाऊ म्हणजे फ्रान्स. त्यानं शब्द दिलाय, 'मी आहे ना.' थोरला दीर म्हणजे इंग्लंड. घर मोठं, मान मोठा, आणि भांडण म्हटलं की पोटात गोळा. भाऊ म्हणतो, तुम्ही घरातले वडील, तुम्ही नाही म्हणा. दीर म्हणतो, शब्द तुमचा, तुम्ही पुढं व्हा, मी मागं आहे.

कुणी चिलीम ओढेना. सगळे खाली बघत होते, आणि मधूनच कुणीतरी समोरच्या घराच्या दाराकडे डोळा टाकत होतं. मला वाटलं, काय सांगतो आपण! घरी जाताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या समोरच्या घरातली आक्का शाळेच्या दाराशी आली. तिशीतली असेल. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, पदरात एक मुलगी. ती दारातच उभी राहिली.

"मास्तर, म्या तुमचं काय वाकडं केलं? माझ्या घरातलं पारावर काहून मांडून राह्यले?"

तिच्या शेजाऱ्याला तिच्या विहिरीवरची धाव हवी होती, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. धाव म्हणजे मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात ती पट्टी. पायांनी चेचून दगडासारखी झालेली, तिथं गवताची काडीही उगवत नाही. शेजाऱ्याची तहसिलात उठबस. जुनी हद्द धावेच्या अलीकडून जाते, म्हणजे धाव आपली, असं त्यानं काढलं होतं आणि दसऱ्यापर्यंत उत्तर मागितलं होतं. भाऊ आणि थोरले दीर दोघंही तिच्या बाजूचे, आणि दोघंही महिनाभर एकमेकांकडे बोट दाखवत होते. मी अजाणतेपणी तिचं अख्खं घर पारावर उघडं केलं होतं.

माझा खरेपणा पटावा म्हणून मी शाळेचा नकाशा काढला. हा जर्मनी, हा तो देश, ह्या कडेच्या डोंगरात त्यांचे किल्ले. ती वाकून बघत राहिली.

"डोंगरात पिकतं काय?"

"फारसं नाही. पण डोंगर गेला की मागचं सगळं मोकळं."

तिनं डोंगरावर बोट ठेवलं. "ही धाव," ती म्हणाली. मग विचारलं, "त्या दोघायनं बसून बोलणी केली, तवा त्या बाईला बोलावलं व्हतं?"

"नाही."

"मंग तिनं काय केलं?"

गठ्ठ्यातला शेवटचा अंक माझ्या टेबलावर, पाटीखाली होता. त्यात छापलं होतं, की दोस्तांनीच दबाव आणल्यावर त्या देशानं मान तुकवली. मी आक्काच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "अजून पेपर आला नाही."

तिसऱ्या दिवशी आक्काच्या ओसरीवर बैठक बसली. थोरले दीर आले, बदनापूरकडून तिचा भाऊ आला, आणि कागद लिहायला मला बोलावलं. आक्का आत, दाराआड. दिरासमोर बाईनं यायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, हा रिवाज. बोलायचंच तर मधे कुणीतरी लागायचं. त्या दिवशी मधे मी होतो.

दुपारपर्यंत दोघं भांडले. "तुमच्या घराण्याची जमीन, तुम्ही सांगा त्याला," भाऊ म्हणे. "भावानं पाठराखण करायची असती, आमी कुठं मागं हाटलो?" दीर म्हणत. आवाज चढले, जुनी लग्नंकार्यं निघाली, मानपान निघाले. आणि मग, जेवणवेळ झाली म्हणून असेल, पण दोघांचं अचानक एकमत झालं. धाव द्यावी. मोट पलीकडून बांधता येईल. आणि बाकीच्या रानाची हमी दोघं मिळून घेतील.

पेपरात वाचलेलंच माझ्यासमोर धोतर नेसून बसलं होतं. मला भयंकर राग आला. तरी मी टाक शाईत बुडवला. नोकरी नवी होती, हेही खरं.

आतून आवाज आला, "मास्तर, त्यायला इचारा, पलीकडून खडक लागतो. तो फोडायचा कोण अन् कधी?"

मी विचारलं. दीर म्हणाले, "बघू पुढं."

"मास्तर, त्यायला इचारा, उद्या त्यानं हीर मागितली तर?"

"आमी हमी घेतली न्हाई का?" भाऊ म्हणाला.

यानंतर मला विचारायला कुणी सांगितलं नाही. आक्का बाहेर आली. पदर कपाळापर्यंत होता, पण बोलली ती थेट दिरांशी. "आज ज्यायला धाव राखता येईना, ते उद्या हीर काय राखतील?" असं म्हणून तिनं माझ्यापुढची शाईची दौत उचलली, आत नेली आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. कोरा कागद माझ्या मांडीवर राहिला. दीर उठले, पायताण घातलं आणि निघून गेले. भाऊ मात्र जागचा हलला नाही, तसाच खांबाला टेकून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आक्का रानात गेली. पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते आणि मिरची माना टाकायला लागली होती. गडी शेजाऱ्याच्या भीतीनं दोन दिवस फिरकला नव्हता. धावेवर शेजाऱ्यानं बोराटीची काटी, म्हणजे काटेरी फांद्या, आणून टाकली होती. बाईनं मोट हाकायची नसते, असं सगळं गाव मानायचं, म्हणून सगळं गाव बघायला आलं. शाळेला मी सुट्टी दिली. कारण काय लिहिलं ते आता आठवत नाही.

आक्कानं काठीनं काटी ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात मोटेचा नाडा, तो जाडजूड दोर, डोक्यावर घेऊन एक बाई बांधावरून आली. ती थोरल्या दिरांची बायको होती. "जल्दी धर, मान मोडून राह्यली," एवढंच ती म्हणाली. मग भाऊ आला. त्यानं कुणाच्या तोंडाकडे न बघता बैल जुंपले. आणि मिरचीच्या पहिल्या वाफ्यात पाणी शिरतंय तोच थोरले दीर आले, पटका अर्धवट बांधलेला. ते धावेच्या शेंड्याशी, शेजाऱ्याच्या रानाकडे तोंड करून उभे राहिले आणि मागं न बघता भावावर खेकसले, "नाडा बराबर धर. बैल बुजंल."

शेजारी त्याच्या बांधावर येऊन उभा होता. त्यानं दिरांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, जमलेल्या गावाकडे पाहिलं. फ्रान्स आणि इंग्लंड पहिल्यांदाच एका ठिकाणी उभे होते आणि कुणी कुणाला पुढं ढकलत नव्हतं. "काटी कुंपणाला घ्या तुमच्या," तो शेवटी म्हणाला, जणू ती त्यानं भेटच आणली होती, आणि निघून गेला. मी त्या गावात असेपर्यंत तरी त्यानं हद्दीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मिरचीचे सगळे वाफे भिजेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. मी चिखलात धोतर वर धरून उभा होतो आणि मला आनंदानं रडू येत होतं. मी ते लपवलंही नाही. मनात मात्र एक गोष्ट गोड गोड घोळत होती. आपण त्या दिवशी खोटं बोललो, म्हणून हे झालं. खरं सांगितलं असतं तर बाई खचली असती.

दसऱ्याला आक्का माझ्या घरी सोनं द्यायला आली. त्याच दिवशी नवा गठ्ठा आला होता. चार मोठ्या देशांनी बसून त्या देशाचा काठ देऊन टाकला होता आणि ज्याचा काठ, त्याला खोलीबाहेर ठेवलं होतं. आपट्याची पानं हातात घेऊन मी सगळं कबूल केलं. तू विचारलंस तेव्हाच मला माहीत होतं. त्या बाईनं मान तुकवली होती. तू खचशील म्हणून मी लपवलं.

त्या दूरच्या बाईचं तिला खरंच वाईट वाटलं असावं, कारण तिनं नकाशा होता त्या शाळेच्या दिशेनं पाहिलं.

"पाटीखाली पेपर दिसून राह्यला व्हता, मास्तर," ती म्हणाली. "अन् तुमचं तोंडबी. म्या तवाच वळखलं, तिनं दिलं म्हणून."

"मग?"

"मंग काय? तिनं दिलं म्हणून म्या देणार व्हते व्हय?"

आणि मुलीला हाक मारत ती पुढच्या घरी सोनं द्यायला गेली.