एप्रिलपासूनचं वेळापत्रक

ग्वाल्हेरच्या खोलीत चिंतामणराव ताटके सकाळी जागे होत आणि लगेच पुन्हा डोळे मिटून घेत. समोरच्या खाटेवर त्यांच्याच कचेरीतले जयसिंगराव उठून बसलेले असत, आणि जयसिंगरावांचा दिवस घशापासून सुरू होई. आधी खाकरणं, मग मिश्री, मग दोन बोटं जिभेच्या मुळापर्यंत घालून असा काही आवाज की शेजारच्या खोलीतलं मूल रडायला लागे. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. चिंतामणरावांचा सकाळचा चहा तिथेच फुकट जाई.

हा सातवा हिवाळा होता. मध्यभारत राज्य झाल्यापासून सरकारचा संसार दोन चुलींवर चालला होता, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. दिवाळी झाली की फायलींच्या पेट्या गाडीत चढत, त्यांच्यामागून कारकून चढत, आणि एप्रिलात सगळं लटांबर परत येई. साहेबांना बंगले मिळत. कारकुनांना दोघांत एक खोली, दहांत एक नळ आणि ढेकूण मात्र मुबलक.

चिंतामणरावांचे आजोबा होळकरांच्या दप्तरात होते, वडील होते, स्वतः तेही बाविसाव्या वर्षी तिथेच चिकटले. आता वय अठ्ठेचाळीस. या माणसाला जगाची शिसारी होती. कचेरीत सगळे थुंकी लावून पानं उलटत. हे ओला स्पंज ठेवत. दुसऱ्याच्या टेबलावरून आलेली फाइल कागदाच्या कपट्यात धरून उचलत. स्वतःचा पितळी पेला कापडी पिशवीत घालून गळ्यातल्या ताईतासारखा बरोबर नेत, आणि साहेबांच्या घरी चहाला बोलावलं तरी तोच पुढे करत. मेसच्या वरणात त्यांना केस दिसे, नसला तरी दिसे. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर परवडलं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं. यांच्यापुढे नुसतं हात धुऊन उभं राहावं लागे.

डिसेंबरात एके सकाळी जयसिंगरावांनी चुकून त्यांच्याच टॉवेलला तोंड पुसलं, आणि चिंतामणरावांचं ठरलं. आता पुरे. पंचवीस वर्षं नोकरी झालेली होती, पेन्शन मागता येत होतं. दुपारी त्यांनी अर्ज लिहून साहेबांच्या हातात दिला.

साहेब म्हणाले, "पंधरा जानेवारीला कागद वर जाईल, ताटकेजी. तोवर मन बदललं तर परत घ्या. एकदा गेला की गेला."

"मन बदलणार नाही, साहेब."

संध्याकाळी जयसिंगरावांनी ऐकलं तेव्हा ते खाटेवर उठून बसले. "अरे भिया, इतनी जल्दी कोण घरी बसतं? वहिनींना विचारलं का?"

"यात विचारायचं काय?" चिंतामणराव म्हणाले. आणि ते खरोखर चकित झाले होते.

त्या रात्रीपासून त्यांना ग्वाल्हेरही सुसह्य झालं. कारण त्यांनी एक काम हाती घेतलं. फुलस्केप कागदाची चार पानं, पट्टीने आखलेले रकाने, तांबडी शाई. पहाटे पावणेपाचला उठणे. पाचला तांब्याच्या बंबातलं पाणी, इतर कुणी हात न घातलेलं. सहाला दूध, दोनदा गाळून. सातला भाजी तीन पाण्यांतून धुणे, "माझ्यासमक्ष". लसूण बंद. नदीकडची खिडकी कायम बंद. मुलीने, पद्मजाने, शाळेचं दप्तर पलंगावर टेकवू नये. दुपारी एक ते चार घरात बाहेरचं कुणी नको. शनिवारी सगळ्या गाद्या उन्हात. संध्याकाळी नदीकाठच्या होळकरांच्या समाधी-छत्र्यांपर्यंत फेरी, परत आल्यावर पाय धुण्यास पाणी उंबऱ्यातच. शेवटी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "एप्रिलपासून अमलात." लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही सांगायला हवं. इतक्या मायेने त्यांनी बायकोला कधी पत्र लिहिलं नव्हतं. पाकीट जिभेने नव्हे, डिंकाने चिकटवून त्यांनी ते इंदूरला, घरच्या कृष्णपुऱ्याच्या पत्त्यावर धाडलं.

शशिकलाबाईंचं पत्र दर बुधवारी येई. सर्व क्षेम, पद्मजाचा अभ्यास बरा, थंडी जपा. वेळापत्रक गेल्यावरच्या पहिल्या बुधवारी पत्र आलं नाही. दुसऱ्या बुधवारी नाही. तिसरा बुधवारही कोरडा गेला तेव्हा चिंतामणरावांना आधी राग आला आणि मग भीती वाटली. त्यांनी गुरुवारपर्यंतची रजा टाकली, आणि संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी न कळवता इंदुरात उतरले.

प्रवासाचं काय सांगावं! बाकावर शेंगांची टरफलं, शेजारी एक लेंगा घातलेला इसम पायाची नखं कुरतडत बसलेला, उज्जैनला गाडी बदलताना कुणाचं तरी ओलं बोचकं थेट मांडीवर. दोन प्रहरी टांग्यातून कृष्णपुऱ्याच्या पुलाशी उतरले तेव्हा त्यांना स्वतःच्या अंगाचासुद्धा वास सहन होत नव्हता. आता घर, असं म्हणत ते गल्लीत वळले.

गल्लीत हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी बाई तोंड उघडून, घसा मोकळा सोडून हसत होती, मध्येच श्वास अडकून पुन्हा हसत होती. चिंतामणरावांच्या कपाळावर आठी चढली. भल्या घरच्या बाईने असं हसावं? वरच्या मजल्यावरची लक्ष्मी असेल, तिला पूर्वीपासून ताळतंत्र नाही. मग त्यांना दिसलं की आवाज त्यांच्याच घरातून येतोय.

दार सताड उघडं होतं. बैठकीच्या खोलीत सहा बायका जमिनीवर बसलेल्या, भोवती चिंध्या, दोरे, आणि वर्तमानपत्रावर पसरलेली लसणाची सेव आणि परमलचे कुरमुरे. नदीकडची खिडकी, जी ते असताना सात उन्हाळे उघडली नव्हती, ती उघडी होती, आणि नाला झालेल्या नदीचा वास आणि जानेवारीचं ऊन दोन्ही आत आलेलं होतं. उन्हात शिवणयंत्र. त्यांच्या पलंगावर कुणाचं तरी तान्हं पोर उघडंबंब झोपलेलं. परदेशीपुऱ्यातल्या मिलवाल्यांच्या घरची दिसणारी एक बाई त्यांच्या घरच्या चांदीच्या पेल्याने पाणी पीत होती, आणि तोंड लावून पीत होती. आणि मधोमध, गळ्यात टेप अडकवून, हातात दोन्ही बाह्या एकाच बाजूला शिवलेलं पोलकं धरून, जी बाई हसत होती ती त्यांची बायको होती.

लग्नाच्या बावीस वर्षांत त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता.

मग शशिकलाबाईंना उंबऱ्यातले बूट दिसले. हसणं जागच्या जागी थांबलं. पेलावाल्या बाईने पेला खाली ठेवला, डोक्यावर पदर ओढला, पोर उचललं. तिचं नाव मंगला. ती पुटपुटली, "चलतो आम्ही, बाईजी. कल आऊं का नको?" पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. जाताना प्रत्येक बाई चिंतामणरावांना न शिवता, अंग चोरून, भिंतीला घासून गेली. त्यांना स्वतःला अंग चोरावं लागलं नाही. त्यांची रीत त्या बायकांनाच पाठ होती.

"एकदम से कसे आलात?" शशिकलाबाई म्हणाल्या. "आधी कळवायचं तरी न."

"गुरुवारपर्यंत रजा आहे," चिंतामणराव म्हणाले.

बाई कामाला लागल्या. खिडकी लावली. चिंध्या गोळा केल्या. पलंगावरची चादर काढून मोरीत टाकली. चांदीचा पेला राखेने घासला, एकदा, दोनदा, तीनदा. मग त्याच पेल्यात पाणी भरून त्यांच्यासमोर आणून धरला, आणि त्यांनी तो घ्यायला हात पुढे केला तेव्हा त्यांच्या बोटांना बोट लागू नये म्हणून किंचित मागे घेतला. चिंतामणरावांनी वर पाहिलं. बाईंची नाकपुडी जराशी वर ओढलेली होती, ओठाचा एक कोपरा खाली. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण हा चेहरा त्यांना ओळखू येणार नाही असं कसं होईल? दाढी करताना आरशात रोज बघत होते ते. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, असं लोक म्हणतात. पण तो शेंबूड सख्ख्या बायकोने दाखवला की माणसाचं काय होतं, ते चिंतामणरावांच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर कळलं असतं. त्यांनी पेला न पिता तसाच खाली ठेवला.

पाच वाजता पद्मजा शाळेतून आली. गुणगुणत दाराशी आली, बूट पाहिले, गुणगुणणं बंद. "बाबा, तुम्ही?" म्हणाली, नमस्कार केला, आणि पलंगाकडे निघालेलं दप्तर हवेतच वळवून खुंटीला अडकवलं. मग आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसली. पान काही उलटलं नाही.

चिंतामणराव म्हणाले, "हे किती दिवस चाललंय?"

"तीन हिवाळे." शशिकलाबाई मंगलाच्या पोलक्याची चुकलेली बाही उसवत होत्या. "मशीन दादाने दिली. तुम्ही असता तेव्हा पलंगाखाली असते, चादर टाकून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसरा हिवाळा झाला नसता."

"माझ्या घरात..." चिंतामणराव चढ्या आवाजात म्हणाले. तळपायाची आग मस्तकात जावी अशी वेळ होती, आणि आग येतच नव्हती. "पत्र का नाही आलं?"

"तुमचा तो कागद आला." बाईंनी दोरा तोडला. "चार दिवस करून पाहिला, सच्ची. पावणेपाचला उठलो, दूध दोनदा गाळलं, खिडकी लावून बसलो. बायकांना येऊ नका म्हटलं. पाचव्या दिवशी ही म्हणाली, आई, बाबा तर अजून आलेसुद्धा नाहीत न, मग आपण घाबरतोय कशाला? मग मी काय लिहिणार होते? तीनदा कागद घेतला. सर्व क्षेम लिहिलं आणि हात पुढे सरकेना."

आतल्या खोलीत पद्मजाच्या खुर्चीचा आवाज झाला आणि थांबला.

जो शब्द चिंतामणरावांनी आयुष्यभर मेसच्या वरणासाठी, जयसिंगरावांच्या मिश्रीसाठी, अख्ख्या जगासाठी वापरला होता, तो आता तोंडातून निघता निघेना. "तुला माझी किळस येते?"

शशिकलाबाईंनी पोलकं मांडीवर ठेवलं. "येते," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण तुमच्यापेक्षा जास्त माझ्या हातांची येते. तुम्ही घरात असता न, तेव्हा दिवसातून वीस वेळा धुते. तरी वाटतं, काही राहिलं. भाजीला लागलं असेल, पेल्याला लागलं असेल. तुम्ही गेलात की पंधरा-वीस दिवसांनी हात परत आपले वाटायला लागतात." त्यांनी हात उलटे करून पाहिले, टोकांशी चिरलेले, पांढरे पडलेले. "तुम्ही नसता ते सहा महिने आहेत म्हणून तुम्ही असता ते सहा निघतात. बारा नाही निघायचे माझ्याने. आता बोललेच आहे तर ऐका."

बाई रडल्या असत्या तर चिंतामणरावांना काहीतरी करता आलं असतं. त्या रडल्या नाहीत. ते त्या हातांकडे बघत राहिले. बावीस वर्षं त्या हातचं जेवून, ते हात त्यांनी कधी पाहिले नव्हते. धुतलेले आहेत का, एवढंच पाहिलं होतं. स्वतःची अशी शिसारी त्यांना कधी आली नव्हती. जयसिंगरावांची बरी, तिच्याकडे निदान पाठ तरी करता येत होती.

"अर्ज अजून साहेबांकडेच आहे," ते शेवटी म्हणाले. "पंधरा तारखेच्या आत परत घेता येतो. घेतो परत."

आणि मग त्यांनी वाट पाहिली. तसं काय करता, म्हणेल. दोघं मिळून काढू काहीतरी मार्ग, म्हणेल. निदान आज प्रवासाने दमलात, उद्या बोलू, एवढं तरी म्हणेल. कोणत्याही घरातली कोणतीही बाई एवढं म्हणतेच, नुसतं म्हणायचं म्हणून म्हणते.

शशिकलाबाईंनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"सकाळची गाडी किती वाजता असते?"

रजा गुरुवारपर्यंत होती, आणि आज सोमवार होता. बाईंना ते माहीत होतं. दुपारी आल्या आल्या चिंतामणरावांनीच सांगितलं होतं.

"साडेसहाची," चिंतामणराव म्हणाले.

"मग दशम्या आत्ताच करून ठेवते," म्हणत शशिकलाबाई उठल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वळून त्यांनी विचारलं, "सहा पुरतील न?"