निरोगी नमुना क्रमांक सात

आमच्या संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर प्रयोगाचे उंदीर असत, आणि त्यांचा सगळा कारभार उंदीरमामांच्या हाती होता. सत्तावीस वर्षं त्यांनी पिंजरे धुतले, भुसा बदलला. कोणती मादी पिल्लं खाणार हे वरच्या मजल्यावरच्या विद्वानांना कळत नसे, मामांना कळे. मास्क मात्र कायम हनुवटीवर. मी ओरडले की म्हणायचे, "पिंजरा कधी बदलायचा ते नाक सांगतं, ताई. नाकच झाकलं तर विचारू कोणाला?"

मी तिसऱ्या मजल्यावर रक्ताचे नमुने तपासायचे. आमच्या मॅडमचा विषय ॲलर्जी. शरीरातल्या काही पेशी शत्रूशी गाठ पडल्यावर शिकतात; काहींना शिकायची गरजच नसते. हाडांच्या मज्जेत घडत असतानाच त्यांच्यातली ॲलर्जीची जनुकं उघडून ठेवली जातात. मग त्या रक्तातून फुप्फुसात जाऊन गुमान बसतात. तिथल्या अस्तराला इजा झाली की लगेच सायटोकाइन, म्हणजे रासायनिक निरोप, सोडतात. सूज येते, दम लागतो. ही तयारी नेमकी कशी होते, ते मॅडमना शोधायचं होतं. तुलनेला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं आणि माणसं मिळेनात, म्हणून मीच मामांच्या मागे लागले.

"दमा, शिंका, खाज, काही नाही ना?"

"मला काय धाड भरलीय!" म्हणत त्यांनी सही ठोकली.

सगळ्या नमुन्यांतल्या पेशींना मी सारखंच हलकं डिवचलं. बाकीच्या जवळपास गप्प राहिल्या. सात नंबरच्या पेशींनी निरोपांचा नुसता पूर आणला. चाचणी पुन्हा केली, तेच. सात नंबर म्हणजे मामा.

मी तडक खाली गेले. मामा पिंजऱ्यांच्या मागे वाकून दम्याचा पंप ओढत होते. छाती शिटीसारखी वाजत होती.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. घरीसुद्धा माहीत नाही." त्यांनी पंप घाईने खिशात कोंबला. "मॅडमना कळलं तर मला इथून हलवतील. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आता कुठे फायली वाहू? ताई, पाया पडतो तुमच्या."

वडिलांच्या वयाचा माणूस पाया पडतो म्हणाला आणि मी विरघळले. नोंदीत लिहिलं: रक्त गोठलं, नमुना बाद. आपण फार मोठं पुण्य केलं असं मला तेव्हा वाटलं. मूर्ख कुठली! मास्क लावायची शपथ मात्र मी त्यांना घातली, आणि ती त्यांनी आठ दिवस पाळली.

पाच महिन्यांनी, ऐन कामाच्या वेळी, मामा भुशाच्या पोत्यांपाशी पडलेले सापडले. ओठ निळे पडले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांचं सामान न्यायला मामी आल्या. कपाटातले कपडे पिशवीत भरता भरता थांबल्या.

"डॉक्टर म्हणाले, उंदरांमुळेच झालं, बरीच वर्षं असणार. मला म्हणायचे, सर्दी आहे. तुम्ही त्यांचं रक्त घेतलं होतं ना, ताई? त्यात काहीच दिसलं नाही?"

"रक्त गोठलं होतं, मामी. तपासताच आलं नाही."

मला हुंदका आवरेना. मामींनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नका. तुमचा काय दोष त्यात?"