टपालाने आलेला काडीमोड

पाकिटातून गवताची काडी निघाली. मोडून दोन तुकडे केलेली. कायद्याची जाडजूड पुस्तकं कोळून प्यालेला मी, महाडचा वकील, खुर्चीतून उडालो तो कौलांना टेकूनच खाली आलो.

"ह्यो माझा काडीमोड," समोरची सुंद्रा म्हणाली. बाई कुडपणची. सोबत तिचा मामा. नवरा मुंबईत. त्याने तिथल्या, गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत चार भाऊबंदांसमोर काडी मोडली, रजिस्टर पोस्टाने धाडली आणि महिन्याच्या आत दुसरं लग्नही लावलं. केवढी ही प्रगती!

"मला दुसरा घरोबा करायचाय, वकीलसायेब. मानूस बरा हाय. पन उद्या कुनी म्हनलं, तू अजून पयल्याचीच, तर?"

बाईने नेमकं दुखणं ओळखलं होतं. लग्नाचा नवा कायदा नुकताच आला होता. कोर्टातून घटस्फोट मिळे. समाजाची जुनी चाल असेल तर तीही चाले. मात्र चाल जशी आहे तश्शीच पाळायची.

"मामा, तुमच्यात काडी कशी मोडतात?"

"दोनी घरां गावकीत बसतात. बाई समोर हवी. ती राजी हाय म्हनली, की मोडायची."

"आणि तेव्हा बाई कुठे होती?"

"नाचनी लावीत व्हती!"

म्हणजे काडीमोड फोल, सुंद्रा अजून बायको आणि नवरोजींचं दुसरं लग्न हा गुन्हा. कोर्टाची वाट अलिबागची: अर्ज, तारखा, निकाल, वर आणखी वर्षभर थांबा.

"तवर त्यो मानूस म्हातारा व्हईल," सुंद्रा म्हणाली.

मी नवऱ्याला नोटीस लिहिली. 'तुरुंग' हा शब्द चारदा घातला. एकदा पुरला असता. पठ्ठ्या असा धावत आला की यष्टी म्हणे पोलादपुरातच मागे पडली.

कुडपणला गावकी बसली. मामा कडाडला, "पोस्टमन काय आमचा पंच हाय रे?"

नवी काडी आली. सुंद्रा "राजी हाय" म्हणाली ती इतक्या मोठ्याने, की आंबेनळी घाटातल्या गाड्यांनी ब्रेक दाबले. काडी मोडली. मी फारकतीचा कागद केला, सगळ्यांचे अंगठे घेतले. कागद सुंद्राने पदरात बांधला.

"सायेब, मंग माजं दुसरं लगीन?" नवऱ्याने विचारलं.

"ते लागलंच नाही. पुन्हा लाव."

"गावजेवनासकट?"

"कायद्यात तसं काही नाही. गावकीला विचार."

गावकी एकमुखाने हो म्हणाली.

सुंद्राचं लग्न त्याच्या आधी लागलं. बायको सोडायची घाई असलेल्याने निदान प्रवासाचा आळस करू नये.