भिंतीत न मावलेली मान

आमच्या बाईंसमोर लांब मानेच्या त्या समुद्री प्राण्याला चुकूनही 'डायनासोर' म्हणायची सोय नव्हती. एरवी त्या कुणावर आवाज चढवत नसत, पण एवढ्या एका शब्दावर खडू टेबलावर आपटायच्या. "डायनासोर वेगळे, ही वेगळी. हिचं नाव प्लेसिओसॉर. पालीला मगर म्हटलेलं चालेल का तुम्हाला?" आम्हाला चाललं असतं, पण तसं म्हणायची छाती कुणाची होणार? वाडीत त्यांचं नावच 'मानेच्या बाई' पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

कामशेतहून पवनेकडे जाताना बेडशाच्या अलीकडे आमची वाडी. तिथल्या शाळेत बाई विज्ञान शिकवायला आल्या आणि पहिल्याच सुट्टीत त्यांनी शाळेच्या मागच्या भिंतीवर तो प्राणी काढला. पिंपासारखं अंग, वल्ह्यांसारखे चार पाय आणि पाण्यातून सरळ छपरापर्यंत चढलेली मान. आम्ही समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. त्या भिंतीसमोर आम्ही माना मागे टाकून वर बघत राहायचो.

शिकवताना बाई स्वतःच्या मानेवरून बोट फिरवायच्या. "जिराफाच्या मानेत आपल्याइतकीच हाडं, फक्त लांबुडकी. हिच्या मानेत मात्र हाडांची संख्याच वाढत गेली. पिढीमागून पिढी, मण्यामागे मणी." गणित चुकलं तरी त्यांना तीच आठवायची. मी वही मिटून रडायला लागले की म्हणायच्या, "एका पिढीत कुणाची मान लांबत नाही. डोळे पूस, परत सोडव." आज बँकेत हिशेब जुळेनासा झाला की मी हेच मनात म्हणते.

एकदा बाईंनी आम्हाला बेडशाच्या लेण्यात नेलं. तिथल्या काळ्या खांबावर तळवा टेकवून त्या उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यात हाडं शोधू नका. हा सगळा लाव्हा आहे. तो इथे वाहत होता त्याच सुमाराला ती समुद्रातून कायमची गेली. कुणी म्हणतं आकाशातून दगड पडला, कुणी म्हणतं या लाव्हाचाही त्यात हात होता." आम्ही पायाखाली पाहिलं. ज्या डोंगरावर गुरं चारली, तो एवढा जुना आणि एवढा भयंकर असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

बायकांना मात्र भिंतीवर वेगळंच दिसत होतं. एका नागपंचमीला हौसामावशीने त्या उभ्या मानेला हळदकुंकू लावलं, लाह्या वाहिल्या. शाळेशेजारचा गोठा तिचाच. मग सगळ्या आळीने तोच नागोबा धरला. बाई डोक्याला हात लावून हसल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी तिच्यासमोर हात जोडतंय, हेही कमी नाही."

निवृत्तीनंतर बाई तुंगार्लीला भावाकडे राहायला गेल्या. एका दुपारी त्यांचा फोन आला. "अगं, आपली मान चुकली!" नवं काहीतरी वाचून त्या हादरल्या होत्या. मान अशी हंसासारखी उभी करणं तिला जमणारच नव्हतं, ती मान पुढे पसरून पोहायची. "इतकी वर्षं मी मुलांना चुकीचं दाखवलं." वयाने त्यांच्या हाताला कायमचा कंप जडला होता. ब्रश धरता येतोय तोवर त्यांना ती मान आडवी करायची होती, दुसरं काही नको होतं.

मी त्यांना वाडीत घेऊन गेले, पण तिथे हौसामावशी आडवी आली. "न्हाई जमायचं, बाई. नागोबाची मान खाली करायची? आमची लेकरंबाळं हायती." बाईंनी वाद घातला नाही. त्या गोठ्यापुढच्या कट्ट्यावर बसल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागल्या. तिचे पूर्वज जमिनीवर चालायचे, मग पाण्यात उतरले. पायांची वल्ही झाली, मान लांबत गेली. पाण्यात राहायची पण श्वासाला वर यायची. अंडी घालायची नाही, पोटातून पिल्लू जन्माला घालायची.

"म्हंजी ही बाय हाय!" हौसामावशी ओरडलीच. तिने वळून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "लेकुरवाळी हाय आन् आमी तिला उबं करून ठिवलंय. निजवा बाई तिला."

बाईंनी जुनी मान पुसली आणि स्टुलावर बसून डोक्याच्या उंचीवर नवी काढत निघाल्या. शाळेची भिंत संपली, मान संपली नव्हती. थोडी आखूड करा, असं मी सुचवलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा पाचवीत गेले. "तिने इतक्या पिढ्या घालून वाढवली, आणि मी भिंतीसाठी कापू?"

मधल्या अरुंद बोळापलीकडे, त्याच रेषेत, मावशीच्या गोठ्याची भिंत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा मावशीने तिला चुना दिलेला होता. "इकडं घ्या फुडली," एवढंच ती म्हणाली. बाईंचा हात फारच हलायला लागला तेव्हा तिने खालून कोपराला आधार दिला, आणि दोघींनी मिळून ते मुठीएवढं डोकं काढलं. शेवटी डोळा. बाई मागे सरकल्या. एवढ्या लांब मानेच्या टोकाला एवढंसं डोकं बघून त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

यंदा थंडीत बाई गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, आणि येते तेव्हा मी वाडीला जाते. परवा शाळा आणि गोठा यांच्यामधल्या बोळातून निघाले होते. एका भिंतीवर अर्धी मान, दुसरीवर उरलेली, मधे नुसती हवा. तरी मी खाली वाकले.

मावशी कट्ट्यावरून बघत होती. मला ओशाळल्यासारखं झालं.

"लाजू नगंस," ती म्हणाली. "समदीच वाकत्यात हितं. मधी हाय की ती."