अ‍ॅम्प्लिफायरवर नारळ

आमच्या मंचरात एक प्लॉटिंगवाला आहे. रानं घेतो, चुन्याच्या रेघा मारतो, कमानीवर काहीतरी इंग्रजी नाव टाकतो आणि विकतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण हा माणूस रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रॉक संगीताचा दिनविशेष टाकतो आणि तिथं माझं डोकं फिरतं. आज अमक्या बँडची पहिली तबकडी आली, आज तमक्या गिटारवाल्याचा जन्म, आज फलाणा ड्रमवाला वारला. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. एकदा एका बँडची फाटाफूट झाली तो दिवस होता, तर यानं लिहिलं, ‘हार्दिक शुभेच्छा’. मी गिऱ्हाइकासाठी कापड फाडत होतो, ते वाकडं गेलं. अहो, ती माणसं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती, आणि इथं खाली केकची चित्रं.

यातल्या एकानंही ती तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी विचारून बघितलंय. मग म्हणतात, शेठ, तुम्ही लई खोलात जाता.

मी कापडवाला. आमचं घराणं राजस्थानातून इकडं आलं त्याला किती पिढ्या झाल्या हे काकांना विचारावं लागतं. मारवाडी आता घरात देवापुरती आणि भांडणापुरती उरलीय. मला एकही वाद्य येत नाही. मी ऐकतो. मुंबईच्या आतेभावानं लग्न झाल्यावर त्याच्या सगळ्या कॅसेटी आमच्याकडं टाकून दिल्या, तेव्हापासून ऐकतो आणि नावं ठेवतो. बायको म्हणते, पर्युषणात तरी तोंड आवरा. मी प्रयत्न करतो.

त्या कॅसेटी माझ्याइतक्याच झिजवलेला दुसरा माणूस म्हणजे अवसरी बुद्रुकचा माझा मित्र. घरची शेती, कांदा-बटाटा. कॉलेजात असताना त्यानं गिटार आणली आणि घरात जागा नव्हती म्हणून कांद्याच्या बराखीत बसून शिकला. कांदा विकला की बराख मोकळी. वाळलेल्या पातीचा वास, वर पत्रा आणि त्याखाली घुमणारा आवाज. तो वाजवायचा आणि मी पालथ्या पाटीवर बसून चुका काढायचो. इथं घसरलास. तिसरी तार उतरलीय, ओढ. ती तिसरी तार कायम उतरायची, तिची खुंटीच ढिली होती. तो मला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा आणि परत पहिल्यापासून वाजवायचा. आमची दोस्ती म्हणजे एवढंच, आणि ती तशीच चालत आली.

मागं त्याचा डावा कान गेला. त्याच्या वडिलांचंही असंच झालं होतं, चाळिशीनंतर एकेक कान मिटत गेला. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं की उजवाही जाणार, यंदा नाहीतर पुढच्या वर्षी. उजव्या कानात मशीन बसवलंय, पण त्यातून गिटार ऐकली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी लागते म्हणतो. हे कळल्यापासून सगळे त्याच्याशी गोड बोलायला लागले. त्यानं गिटार हातात घेतली की बायको, भाऊ, भावजय, सगळे माना डोलवायला लागतात. लई भारी, लई भारी. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं हे लोक जिवंत माणसाबद्दल चांगलं बोलत होते. माझा संताप व्हायचा.

त्यालाही ते कळत होतं. एकदा दुकानाच्या गादीवर बसून तो म्हणाला, “ह्यांना मी काय वाजवतो त्ये कळत न्हाई, शेठ, आन् मलाबी आता कळंना. एकदा मोठ्या स्पीकरवर वाजवून सोताच्या कानानं ऐकून घेतो. मग गेला तरी चालंल.”

घरचा डबडा स्पीकर त्याच्या कानाला पुरत नव्हता. मोठा अ‍ॅम्प्लिफायर लागणार होता, आणि तो मोकळ्या हॉलमध्ये. नेमकं त्याच महिन्यात प्लॉटिंगवाल्यानं जाहीर केलं की एका विलायती बँडच्या जगप्रसिद्ध तबकडीला पन्नास वर्षं झाली, तरी मंचरच्या मंगल कार्यालयात सुवर्णमहोत्सव, सर्वांनी उपस्थित राहून शोभा वाढवावी. मी त्या माणसाला दुकानात बोलावून चहा पाजला. गोड बोललो. माझ्या तोंडाला ती सवय नाही, जबडा दुखला. शेवटचा अर्धा तास माझ्या मित्राचा, अ‍ॅम्प्लिफायर पुण्याहून भाड्यानं, असं त्यानं कबूल केलं. हॉल फक्त चारपर्यंत होता, नंतर कुणाचा तरी साखरपुडा.

फ्लेक्स बघूनच मी समजायला हवं होतं. प्लॉटिंगवाला गॉगल घालून मधोमध, भोवती शुभेच्छुकांची दाटी, आणि ज्यांनी ती तबकडी केली ते चौघं खाली कोपऱ्यात तिकिटाएवढे. स्टेजवर चौघांचे फ्रेम केलेले फोटो, चौघांना गंध, चौघांना झेंडूचा हार. त्यातला एक जण धडधडीत जिवंत आहे. मी तसं सांगितलं. प्लॉटिंगवाला म्हणाला, असू द्या शेठ, हार आणलाय तर वाया कशाला घालवायचा.

मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडं काहीही असो, बोअरला पाणी लागो नाहीतर पोरगं बारावी पास होवो, सत्कार होतो. हॉलमालकाचा झाला, आचाऱ्याचा झाला, फ्लेक्सवाल्याचा झाला. प्रमुख पाहुणे म्हणून पतसंस्थेचे चेअरमन होते. हा बँड आपल्याला लहानपणापासून आवडतो असं त्यांनी भाषणात सांगितलं आणि तीन वेळा तीन वेगळी नावं घेतली. समोरच्या खुर्च्यांवर दिनविशेषाची अख्खी बिरादरी बसली होती. सगळ्यांनी काळे टी-शर्ट घातले होते, इस्त्री केलेले. त्यांनी तिन्ही वेळा टाळ्या दिल्या.

माझा मित्र पहिल्या रांगेत मांडीवर गिटार घेऊन बसला होता. मशीन त्यानं काढून खिशात ठेवलं होतं. कान राखून ठेवतोय म्हणाला. एकही भाषण त्याला ऐकू येत नव्हतं, तेव्हा त्या हॉलमध्ये सुखी माणूस तो एकटाच. मधेच तालुक्याचे आद्य गिटारवादक म्हणून त्याचाच पुकारा झाला, तेही त्याला कळलं नाही. मी ढोसून उठवला. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि गिटारीलाही एक हार घातला. तो हार खुंट्यांत अडकवून त्यांनी फोटोसाठी ओढून ताणून सरळ केला. मी खालून बघत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

साडेतीन वाजून गेले तेव्हा कुठं अ‍ॅम्प्लिफायर पुढं आणला. आता वाजवायचं, तर चेअरमनना आठवलं की मशीन नवीन दिसतंय, नारळ राहिला. मशीन नवीन नव्हतं, भाड्याचं होतं. पण ट्रॅक्टर असो, जेसीबी असो, नारळ फोडल्याशिवाय साहेबांचा हात राहत नाही. त्यांनी नारळ अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेवर आपटला आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ओततात तसं पाणी वरच्या जाळीतून सावकाश, भक्तिभावानं आत सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत चर्र झालं, जळक्या रबराचा वास आला आणि लाल दिवा गेला. पुण्याहून आलेल्या साउंडवाल्यानं कपाळाला हात लावला.

प्लॉटिंगवाल्यानं माईक घेतला आणि सांगितलं की जिलेबी गरम आहे, जेवून घ्या. बिरादरी उठली. पन्नास वर्षांचा महोत्सव होता आणि एक सूर वाजला नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. मी चेअरमनना आणि प्लॉटिंगवाल्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. संवत्सरीला त्याची माफी मागावी असं बायकोचं म्हणणं आहे. मी मागणार नाही.

मित्राला काय झालं ते समजलं नव्हतं. तो पट्टा गळ्यात घालून उभा होता, उजवा कान अ‍ॅम्प्लिफायरकडं करून. जळाला, वाजणार नाही, हे मला त्याच्या कानात ओरडून सांगावं लागलं. त्यानं शालीची घडी घालून खांद्यावर टाकली, हार काढून खुर्चीवर ठेवला, मशीन कानात बसवलं. जाऊ दे म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी जिलेबी खाणाऱ्यांकडं बघून शिव्या घातल्या.

बाहेर साखरपुड्याची मंडळी यायला लागली होती. आणे गावची बेंजो पार्टी आवारात पिकअप लावून तारा जोडत होती. पिकअपवर कडब्याच्या गंजीएवढे स्पीकर रचलेले. बेंजोवाल्यानं मित्राच्या गळ्यातली गिटार बघितली आणि हाक मारली, पावणं, लावा की आमच्या मिक्सरला, साखरपुड्याला अजून टाईम हाये. त्याला कुठल्या तबकडीला किती वर्षं झाली याचा पत्ता नव्हता आणि तसा आवही त्यानं आणला नाही. तारीख माहीत नसलेला एवढा एकच माणूस मला त्या दिवशी भेटला.

मित्रानं वायर खुपसली, मशीन पुन्हा खिशात टाकलं आणि स्पीकरला पाठ लावून, मान वाकडी करून, उजवा कान त्या लाकडी खोक्याला चिकटवून उभा राहिला. मग वाजवलं. बराखीत वाजवायचा तेच. ताशावाल्याला दोन आवर्तनांत ठेका सापडला. पैठणीतल्या बायका थांबल्या. नवरीच्या एका म्हाताऱ्या मामानं मला विचारलं की गाणं कधी सुरू व्हायचं. जेवणाच्या हॉलच्या खिडकीत एक काळा टी-शर्ट आला, हातात ताट, आणि आवाज फार होतोय म्हणून खिडकी लावून घेतली.

आणि तिसरी तार उतरलेली होती. हार ओढणाऱ्या गाढवांनी ती खुंटी फिरवली होती. जिथं ती तार यायची तिथं सूर लंगडायचा, आणि त्या चालीत ती दर ओळीला येते. मी दात आवळून उभा होतो. तो डोळे मिटून वाजवत होता, त्याला पत्ताच नव्हता.

संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. लई भारी, भाऊ. लई भारी. बेंजोवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. तो सगळ्यांना हात जोडत माझ्याकडं आला आणि नुसती मान उडवली. म्हणजे, कसं झालं?

दोन शब्द बोललो असतो तर तो खूश होऊन घरी गेला असता. पण बराखीतल्या पाटीवर बसून मी ते कधी केलं नव्हतं.

“तिसरी तार उतरलेली व्हती,” मी त्याच्या उजव्या कानात ओरडलो. “सुरुवातीपासनं शेवटपतोर. आन् मधी दोनदा घसरलास.”

आजूबाजूची माणसं माझ्याकडं कसायाकडं बघावं तसं बघायला लागली. तो पिकअपच्या फाळक्यावर टेकला. आधी हसला. मग शालीच्या टोकानं त्यानं डोळे पुसले.

“मला नुसती धडधड कळली, शेठ,” तो म्हणाला. “सूर आलाच न्हाई. म्हंजे तू ऐकत व्हतास.”

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडतो. मी त्याला म्हणालो, बसतोस काय, खुंटी धर. त्यानं डाव्या हातानं तिसरी खुंटी धरली, उजव्यानं तार छेडली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी मान हलवेपर्यंत तो थोडी थोडी पिळत गेला.