पदकावरचा हात

एचएसआर लेआउट या आमच्या वसाहतीच्या बागेत एक वृद्ध गृहस्थ रोज दिसत. कोलकात्याहून मुलाकडे राहायला आलेले. गळालेलं पिंपळपान उचलून त्याच्या शिरांवरून अंगठा फिरवत बसायचे. एकदा मी विचारलंच. ते हिंदीत म्हणाले, “टांकसाळीत होतो. भारतरत्नाचं पदकही असंच पिंपळपानाचं. त्याला शेवटची झिलई मी द्यायचो.”

“मग समारंभ बघितलात?”

“टीव्हीवर. सगळे त्या थोर माणसाकडे बघत होते, मी पदक सरळ बसलंय का ते. बायको म्हणाली, यावर तुमचं नाव कुठंय? म्हटलं, अगं, बोटाचा ठसासुद्धा राहू नये, हेच माझं काम.”

“मग?”

त्यांचे डोळे पाणावले. “तिनं शेजारणीला हाक मारली. म्हणाली, लवकर ये, आमच्या ह्यांचं काम टीव्हीवर दाखवतायत.”