साडूंचा राउंड रॉबिन

आमच्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या न्यू जर्सीत सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो दार उघडायचा नाही. हे माझ्या बायकोच्या ताईचे यजमान. पिस्कॅटवेत आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहतात. धुराचा अलार्म वाजला की घाबरतात आणि बरेच दिवस वाजला नाही की जास्त घाबरतात. भारतात जाताना तिघांचे कपडे तिन्ही बॅगांत थोडे थोडे वाटून भरायचे, म्हणजे एक बॅग हरवली तरी कुणाचं अडायला नको, हे आपण सगळेच करतो. साडूंनी एकदा चपलांचा जोडसुद्धा दोन बॅगांत विभागला. नेमकी एक बॅग वाटेत राहिली आणि पुतणीच्या लग्नात साडू मागून आणलेल्या चपला घालून फिरले. मी हसलो तर म्हणाले, "पण एक तरी आली ना?"

असा माणूस फोनवरच्या ॲपवर खेळांच्या पैजा लावतो, हे कळलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. कारण साधं होतं. त्यांची मुलगी सई बेसबॉलवेडी. सोळा-सतरा वर्षांची पोर बापाशी दुसऱ्या कशावर बोलेना, म्हणून साडू बेसबॉल शिकले. "ड्रॉच नाही हो या खेळात," ते हताश होऊन म्हणाले, "माणसानं जीव लपवायचा कुठे?" तो आडोसा त्यांना राउंड रॉबिनमध्ये सापडला. पाच-सहा संघांवर एकत्र पैज लावली तर सगळे जिंकावे लागतात, एक हरला की सगळं बुडालं. राउंड रॉबिनमध्ये त्याच संघांच्या जोड्या आणि तिकड्या पाडून प्रत्येकीवर वेगळी पैज लागते. एक संघ हरला तर तो ज्यांत आहे तेवढ्या पैजा मरतात, बाकीच्या तग धरतात. "आपल्या बॅगांचीच सिस्टिम, साडूभाऊ. रिस्क स्प्रेड केली की झोप लागते." त्यातही निवडायचे ते जिंकण्याची खात्री असलेले संघ, म्हणजे जिंकूनही हाती फारसं काही यायचं नाही. ताईंनी रविवारचे वीस डॉलर मंजूर केले होते, वर एक सेंट नाही. बाप-लेक दुपारभर सोफ्यावर बसून वाद घालत, आणि साडू मला त्या वेळी जवळजवळ निर्भय दिसत.

मग फेब्रुवारीत त्यांची नोकरी गेली. घर ताईंच्या पगारावर आलं आणि भीतीला ऊत आला. साडू कुरिअरवाल्याची बेल वाजली तरी दचकत. त्यातच सईला नॉर्थ कॅरोलायनात, घरापासून गाडीनं आठ तासांवर, कॅरीजवळच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. जागा पक्की करायचे हजार डॉलर सोमवारी भरायचे होते. साडूंनी ते एका वेगळ्या खात्यात ठेवले. हे खातं एरवी रिकामं असे, आणि रिकामं असे म्हणूनच पैजांच्या ॲपला त्यांनी तेच जोडलं होतं, चोरानं डल्ला मारलाच तर हाती काही लागू नये. इतकं सुरक्षित खातं दुसरं कुठलं, म्हणून हजारही तिथेच गेले.

आदल्या रविवारी दुपारी साडू आमच्याकडे आले. दोघी बहिणी मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेल्या होत्या, सई सॉफ्टबॉलच्या सरावाला. त्या दिवशी साडू इतके भ्यायलेले होते की नुसत्या जोड्यांवर त्यांचं भागेना. सहा संघ घेऊन त्यांनी जोड्या, तिकड्या, चौकड्या सगळ्यांवर खुणा केल्या. रकमेच्या चौकटीत वीस लिहिले. पहिला खेळ सुरू व्हायला मिनिट उरलं होतं. ॲपनं विचारलं, पैसे कमी पडतात, बँकेतून घेऊ का? विम्याच्या कागदावरचं बारीक अक्षर भिंगानं वाचणाऱ्या या माणसानं घाईत "हो" दाबलं.

ते वीस डॉलर प्रत्येक पैजेवर होते; एरवी साडू आधी भागाकार करून रक्कम लिहीत, आज विसरले. पैजा पन्नास झाल्या होत्या.

"साडूभाऊ," ते म्हणाले, आणि फोन माझ्यापुढे धरला. रद्द करायची सोय नव्हती. मी स्वतः काही शूर नाही. ताईंचा चेहरा आठवून मी आधी तालीम किती वाजता सुटते ते पाहिलं. आम्ही टीव्ही लावला. साडू पडद्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि माझ्या चेहऱ्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. दोन संघ हरले, तीन जिंकले. सहावा जिंकला तर बहुतेक पैसे परत येणार होते; हरला तर फार थोडे. तो खेळ बरोबरीत जाऊन जादा डावांत अडकला होता, तेवढ्यात सई आली.

"हू आर वी रूटिंग फॉर, काका?" तिनं मला विचारलं. मी काहीतरी थाप मारणार होतो, पण साडूंनी मला हातानं थांबवलं. जिंकल्यावर सांगणं सोपं गेलं असतं. हा माणूस निकाल लागायच्या आधी बोलला. चूक कशी झाली, किती पैसे, कशासाठी ठेवलेले, सगळं.

सईनं सरावाची बॅग खाली ठेवली. मग त्यांच्या शेजारी बसून म्हणाली, "इट्स ओके, बाबा. आय कॅन गो टू कॉलेज हिअर. आय'ल जस्ट लिव्ह ॲट होम."

साडूंचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. त्यांना जन्मात दुसरं काही नको होतं. आता फक्त एक संघ हरायला हवा होता.

"नाही," ते म्हणाले. "तू जायचंस." आणि उठून टीव्हीपुढे उभे राहिले. मूठ आवळून, घसा फोडून, मराठीत त्या संघाच्या नावानं ओरडू लागले. "मार रे बाबा, मार. माझ्या पोरीला जायचंय." चेंडू कुंपणापलीकडे गेला तेव्हा शेजारच्या कुत्र्यानंही भुंकून घेतलं.

सईनं त्यांना घट्ट मिठी मारली आणि पाणी आणायला आत गेली. कमी पडलेले पैसे ताईंना सांगून, बोलणी खाऊनच भरावे लागणार होते, पण साडूंना त्याची फिकीर दिसली नाही. ते हळूहळू सोफ्यावर बसले आणि मला ऐकू येईल इतपतच आवाजात म्हणाले, "जिंकलो, साडूभाऊ. आता जाणार ती."

मी टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला आणि त्यांच्याजवळ बसून राहिलो.